‘एष्टु वर्षदिंद?’ : एका प्रश्नात अडकलेली पेन्शन

खानापूर तालुक्यातील एका गावची एक माउली मध्यंतरी आमच्या कार्यालयाचा जिना चढून वर आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घालून घालून मऊ झालेले कागद आणि मागे तिचा थोरला मुलगा. वय पस्तिशीच्या घरात. तो बाकावर बसला आणि जाईपर्यंत जमिनीकडे बघत राहिला. माउली म्हणाली, “पेपरवाल्यांनो, तुमच्याकडून बातमी नको. ह्या कागदावर काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा. गावात तिघांना दाखवलं, तिघांनी तीन सांगितलं.”

तो कागद म्हणजे ‘हिंबरह’ होता. सीमाभागातल्या ज्याने म्हणून सरकारी कचेरीत अर्ज दिला आहे, त्याला हा शब्द ठाऊक आहे. अर्जावर कचेरीने दिलेला लेखी शेरा. मजकूर चार ओळींचा, कानडीत. अर्थ असा की, वैद्यकीय दाखल्यात अपंगत्व चाळीस टक्क्यांपेक्षा कमी असल्यामुळे अर्ज मान्य करता येत नाही.

आम्ही वाचून दाखवले. माउली थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अकरा वर्षं झाली ओ, पोरगं असं बसून हाय. ह्याच्यापेक्षा कमी म्हणजे काय?”

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हाती आलेल्या गोष्टींचा आहे. गावाचे आणि माउलीचे नाव आम्ही देत नाही. कचेरीचे आणि रुग्णालयाचेही देत नाही, कारण तिथे भेटलेली माणसे दुष्ट नव्हती. घोटाळा माणसांत नव्हता, दोघांच्या मधल्या भाषेत होता.

आम्ही तिला विचारले, तपासणीच्या दिवशी काय झाले ते पहिल्यापासून सांगा. तिने सांगितले. पहाटेची गाडी धरून दोघे शहरात आले. शक्ती योजनेमुळे आईचे तिकीट माफ, मुलाचे पूर्ण. रांगेत दुपार झाली. आत तरुण डॉक्टर, स्वभावाने सौम्य, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी कानडीत विचारले, आणि माउलीला कळले तेवढ्याचे तिने उत्तर दिले. “एष्टु वर्षदिंद?” असा एक प्रश्न होता. त्यातला ‘वर्ष’ तिला कळला. किती वर्षांपासून, असे विचारताहेत हेही कळले. तिने दोन बोटे दाखवली. धारवाडच्या गोळ्या सुरू होऊन दोन वर्षे झाली होती, आणि डॉक्टर विचारताहेत म्हणजे गोळ्यांचेच विचारत असणार, असा तिचा समज. त्याआधीची नऊ वर्षे अंगारा, धुपारा, देवाचा कौल आणि दोन खासगी दवाखान्यांत गेलेली. ती तिच्या हिशोबात आजारपणाची नव्हेत, नशिबाची वर्षे होती.

बाकीच्या प्रश्नांना ती ‘हौदु’ म्हणाली. होय याला कानडीत काय म्हणतात एवढे तिला येत होते. जेवतो का? हौदु. अंघोळ करतो का? हौदु. माणसांशी बोलतो का? हौदु. आईने परक्यापुढे आपल्या लेकराचे उणे सांगू नये, ही आपल्याकडची रीत. पाणी काढून, हाताला धरून, मोरीत नेऊन उभा केला तर अंघोळ करतो, हे सांगायला मराठीतही तिला अवघड गेले असते. कानडीत तर शब्दच नव्हते.

आता हे ‘दोन’ आणि हे ‘हौदु’ कागदावर गेल्यावर काय होते ते पाहू.

टक्के कसे ठरतात

हात तुटला किंवा पाय वाकला तर डॉक्टर मोजून टक्के काढतात, हे आपल्याला पटते. पण मनाच्या आजाराचे टक्के काढायचे कसे? त्यासाठी आपल्या देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने एक मोजपट्टी तयार केली. तिला ‘आयडियाज’ म्हणतात. २००२ साली केंद्र सरकारने ती स्वीकारली आणि २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही मानसिक आजारासाठी तीच ठेवली. या पट्टीत चार गोष्टी पाहतात. माणूस स्वतःची निगा राखतो का, घरच्यांशी व बाहेरच्यांशी त्याचे वागणे कसे आहे, बोललेले त्याला समजते का व आपले म्हणणे त्याला सांगता येते का, आणि तो काम करतो का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. अडचण जितकी मोठी तितके गुण जास्त. त्यात आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण मिळवतात. दोन वर्षांच्या आत असेल तर एक, दोन ते पाच वर्षे असेल तर दोन, सहा ते दहा वर्षे असेल तर तीन, आणि दहा वर्षांच्या वर असेल तर चार. सगळे मिळून वीस. बेरीज सात झाली की माणूस चाळीस टक्क्यांच्या पायरीवर चढतो. सहावर थांबली तर खाली राहतो.

समजा, आईच्या ‘हौदु’मुळे चारही बाबींत एकेकच गुण पडला. झाले चार. आजार अकरा वर्षांचा, म्हणजे आणखी चार. बेरीज आठ. पेन्शनला पात्र. त्याच मुलाचा आजार दोन वर्षांचा असे लिहिले की आणखी दोनच. बेरीज सहा. हिंबरह. मुलगा तोच, आई तीच, डॉक्टरही तेच. एका प्रश्नाचा अर्थ हुकला आणि आठाचे सहा झाले.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार खटकली. या चार बाबींतली तिसरी बाबच मुळी बोलणे आणि समजणे ही आहे. जो मुलगा जन्मापासून मराठीखेरीज दुसरे काही बोललेला नाही, त्याला कानडीत प्रश्न विचारला आणि तो गप्प बसला, तर ते गप्प बसणे आजारामुळे की भाषेमुळे? उलटेही होऊ शकते. आई मध्ये पडून त्याच्या वतीने उत्तरे देते, आणि डॉक्टरांना वाटते की सारे ठीक आहे. एक्सरेला भाषा लागत नाही. रक्ताच्या तपासणीला लागत नाही. मनाच्या तपासणीत मात्र भाषा हेच एक्सरेचे यंत्र आहे. सीमाभागात आम्ही दुकानांच्या पाट्यांसाठी, शाळांसाठी, उताऱ्यांसाठी पुष्कळ लढलो आणि लढतो आहोत. पण मनोरुग्णाच्या तपासणीच्या खोलीत कुणाची भाषा बोलली जाते, हा प्रश्न आमच्या एकाही निवेदनात आल्याचे आम्हांला आठवत नाही. यात आम्ही पत्रकारही आलो.

बुद्धिमांद्य आणि मानसिक आजार

गावात अजून ‘येडा’ या एका शब्दात सगळे बसवतात. कायदा मात्र दोन वेगळी खाती मानतो, आणि चुकीच्या खात्यात नाव गेले की पुढचे सगळे बिघडते. जन्मतः किंवा वाढीच्या वयात बुद्धीची वाढ कमी राहिली, तर ते बौद्धिक अपंगत्व. आपण त्याला आजवर मतिमंदत्व म्हणत आलो. कानडी कागदावर ‘बुद्धिमांद्य’ असे छापलेले असते, तेव्हा मराठी माणसाला तो शब्द ओळखीचा वाटतो. चांगला शिकलेला, नोकरीला लागलेला मुलगा विसाव्या-पंचविसाव्या वर्षी भ्रमात जातो, कानात आवाज येतात म्हणतो, किंवा महिनोन् महिने उठत नाही, तो मानसिक आजार. कानडीत त्याला ‘मानसिक अस्वस्थते’ म्हणतात. आपल्याकडे अस्वस्थ म्हणजे जरा बेचैन. त्यामुळे अर्ज भरून देणारा मराठी पोरगा ‘अस्वस्थ’ हा शब्द वाचून पुढे जातो आणि ‘बुद्धिमांद्य’पुढे खूण करतो. आमच्या पाहण्यात असे दोन अर्ज आले. ‘अंगविकल वेतन’ या शब्दाचेही तसेच. वेतन म्हणजे पगार, आपला मुलगा काही नोकरीला नाही, मग हा अर्ज आपला नव्हे, असे समजून एका म्हाताऱ्याने तो घरी ठेवून दिला होता. कानडीत पेन्शनला बोलताना ‘वेतन’ म्हणतात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

शब्द फसवतात तसे सांभाळूनही घेतात. अर्जी, कचेरी, सही, शेकडा हे शब्द दोन्हीकडे चालतात. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या भाषा आहेत या. ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न, ‘वासस्थळ’ म्हणजे रहिवास आणि ‘पडितर चीटी’ म्हणजे रेशनकार्ड, एवढे तीन शब्द घरातल्या शाळकरी पोराने आजीला शिकवले तर निम्मा अर्ज तिथेच वाचून होतो.

कायद्याचे बोलायचे तर १९९५ सालच्या अपंगांच्या कायद्यातही मानसिक आजार होता. १९९५ च्या जागी २०१६ सालचा दिव्यांगजन हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार धरले आहेत. मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व हे त्यातले दोन वेगळे प्रकार. असे असूनही २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात मानसिक आजाराचे अपंग म्हणून नोंदले गेले ते जेमतेम सव्वासात लाख. पायाने अधू असलेला माणूस दारात आलेल्या गणकाला दिसतो. आतल्या खोलीतला मुलगा दिसत नाही, आणि घरचे दाखवतही नाहीत. लाज हे त्याचे एक कारण. दुसरे कारण, घरात लग्नाची मुलगी असते. ही अडचण आम्ही खोटी मानत नाही. पण दाखला काढला म्हणजे गावभर दवंडी पिटत नाहीत, हेही घरच्यांना सांगायला हवे.

दाखल्यापासून पैशापर्यंत

दाखला आता हाताने लिहून मिळत नाही. १ जून २०२१ पासून तो केंद्राच्या ‘स्वावलंबन’ या संगणकीय व्यवस्थेतूनच द्यावा लागतो. अर्ज नाडकचेरीजवळच्या सेवा केंद्रातून किंवा कुणा जाणत्या पोराकडून भरून घेता येतो. आधारकार्ड आणि फोटो लागतो. आधारवरचा पत्ता ज्या जिल्ह्याचा, तपासणी त्या जिल्ह्यात. तपासणी झाली की दाखला आणि ‘युडीआयडी’ नावाचे कार्ड मिळते. चाळीस टक्क्यांखाली पांढरे, चाळीसच्या वर पिवळे आणि ऐंशीच्या वर निळे. ते देशभर चालते. मानसिक आजाराचा दाखला मात्र बहुधा मुदतीचा असतो, कारण आजार कमी-जास्त होतो. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. ती टळली की पेन्शन थांबते, आणि पैसे का थांबले हे कळायलाच घरच्यांचे चार महिने जातात.

पिवळे किंवा निळे कार्ड हाती आल्यावर पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत. सोबत उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारला जोडलेले खाते. कर्नाटक सरकार या पेन्शनचे चाळीस ते पंचाहत्तर टक्के आणि त्याच्या वर असे भाग करते, वरच्यांना जास्त देते. चाळीस ते पंचाहत्तर टक्क्यांचा दर जुलै २०२१ मध्ये बसवराज बोम्मई मुख्यमंत्री झाले तेव्हा सहाशेवरून आठशे करण्यात आला. केंद्राची इंदिरा गांधी अपंग पेन्शन २००९ पासून आहे. पण तिला दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब आणि ऐंशी टक्के अपंगत्व लागते, आणि ऐंशी वर्षांखालच्या माणसापोटी त्यात केंद्राचा वाटा महिना तीनशे. तीनशे रुपयांत आज काय येते हे आम्ही सांगायला नको. तरीही आठशे रुपये म्हणजे त्या मुलाच्या महिन्याच्या गोळ्या आणि धारवाडची एक फेरी. ते बुडाले की आधी गोळ्या बंद होतात.

गोळ्यांवरून सांगायचे म्हणजे, त्या विकत घ्याव्याच लागतात असे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या आणि निराधार रुग्णाला सरकारी दवाखान्यात उपचार फुकट मिळण्याचा हक्क दिला आहे. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. कोणत्या मंगळवारी, ते आधी विचारून जावे. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या फुकट क्रमांकावर २०२२ पासून फोन करता येतो आणि तिथे भाषा निवडता येते. धारवाडचे मनोरुग्णालय तर आपल्या आजा-पणज्यांपासूनचे आहे. १९५६ पूर्वी बेळगाव आणि धारवाड दोन्ही मुंबई राज्यातच होते.

प्रत्येक पंचायतीत अपंगांसाठी एक ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो आणि तालुका पंचायतीत त्यांच्यावरचा एक. अर्ज भरायला मदत करणे हे त्यांचे कामच आहे. त्या माउलीला आपल्या पंचायतीत असा कुणी आहे हे माहीत नव्हते. तिने अर्ज भरून घेण्यासाठी एका एजंटाला पैसे मोजले होते. किती, ते तिने सांगितले नाही. लाजली.

फौजी घरांसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे ठाणे. आपल्या गावोगावी निवृत्त जवान आहेत, आणि त्यांच्यातल्याही काही घरांत असा एक मुलगा किंवा मुलगी आहे. जवान गेला, मागोमाग त्याची पत्नी गेली, की कुटुंब पेन्शन बंद झाली असे सगळे धरून चालतात. मुलांना ती पंचवीस वर्षांपर्यंत, हे खरे. पण मानसिक किंवा शारीरिक अपंगत्वामुळे ज्याला कमावता येत नाही अशा अपत्याला ती हयातभर मिळू शकते. केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांनाही हा नियम आहे. ही रक्कम आठशेच्या कितीतरी पट असते. मात्र आईवडील जिवंत असतानाच मुलाचे अपंगत्व पेन्शनच्या कागदांत नोंदवावे आणि मानसिक आजार असेल तर त्याच्या वतीने पैसे कोण घेणार त्याचे नावही द्यावे. दोघेही गेल्यावर भाऊ-वहिनींनी धावाधाव करायची आणि आजार आईवडिलांच्या हयातीतलाच होता हे शाबीत करायचे, यात वर्षे जातात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. तिथे फौजीला भाषेची अडचण पडत नाही. हिंदी त्याने पलटणीतच शिकलेली असते.

बँकेतही एक गाठ पडते. बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडून कायदेशीर पालक मिळतो. मानसिक आजार त्या यादीत नाही. तरीही एखादा बँकवाला मानसिक आजाराच्या रुग्णाकडे न्यासाचे पालकपत्र मागतो. ते त्याला मिळूच शकत नाही, हे शांतपणे सांगावे. हा आजार असलेला माणूस आपले खाते स्वतः चालवू शकतो. आजार आहे एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही.

पलीकडची पेन्शन

आता जरा नाजूक विषय. सीमाभागात अशी बोलवा आहे की महाराष्ट्र आपल्याला अपंग पेन्शन देतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम २०२३ साली पंधराशे झाली आणि दिव्यांगांसाठी २०२५ साली अडीच हजार करण्यात आली, हे खरे. कर्नाटकाच्या आठशेशी ताडून पाहिले की मन हुरळते. पण त्या योजनेला महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. २०२३ साली महाराष्ट्राने ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला, ते सर्वांनी वाचले असेल. पण ती दवाखान्याच्या खर्चाची योजना आहे, महिन्याच्या पेन्शनची नव्हे. दोन्हींची सरमिसळ होऊन लोक चंदगडच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर आधार बदलायच्या गोष्टी बोलतात. तसे करू नये. पलीकडे पंधरा वर्षे भरत नाहीत, आणि इकडचे रेशन व पेन्शन दोन्ही हातचे जाते. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेलाही गोव्यातला रहिवास लागतो. बांबोळीला उपचार घेतले म्हणून ती मिळत नाही.

सीमाप्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून तिथे आहे. त्या निकालाची वाट पाहत कुणाच्या गोळ्या थांबता कामा नयेत. आज आपला अर्ज कर्नाटकाच्या कचेरीत आहे आणि पेन्शन हा तिथला आपला हक्क आहे. ती घेतल्याने आपण मराठी राहत नाही की काय, असे कुणी म्हणत असेल तर त्याने त्या माउलीच्या घरी एक दिवस राहून यावे.

भाषेचा हक्क कुठे लिहिला आहे

मग अर्ज कानडीतच द्यायचा का? नाही. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की कोणत्याही माणसाला आपली तक्रार केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठी ही कर्नाटकात वापरली जाणारी भाषा आहे, याबद्दल कुणाला शंका असेल तर त्याने बेळगावच्या भाजी मंडईत जावे. शिवाय जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असे केंद्र आणि राज्यांमध्ये फार पूर्वी ठरलेले आहे. ते किती पाळले जाते हे आपण रोज पाहतो.

पण आमच्या विषयाला सगळ्यांत जवळचे कलम फारसे कुणी वाचलेले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २२ व्या कलमात रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला आजाराचे स्वरूप व उपचार यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि ती माहिती त्याला समजेल अशा भाषेत व अशा रीतीने मिळण्याचाही हक्क आहे. हा साऱ्या देशाचा कायदा आहे. त्यात मराठी नाही, कानडी नाही. ‘समजेल अशी भाषा’ आहे. जत, अक्कलकोटकडची कानडी आई मराठी डॉक्टरपुढे बसते तेव्हा तिलाही हेच कलम लागू. तिचीही अवस्था आपल्या माउलीसारखीच होत असणार, हे आम्ही मान्य करतो.

हे कलम उपचारासाठी आहे, दाखल्याच्या तपासणीसाठी थेट नाही, असे कुणी वकील म्हणेल. म्हणू दे. आम्ही जिल्हा रुग्णालयाकडे मागतो ते फार मोठे नाही. तपासणीच्या दिवशी मराठी येणारी एक परिचारिका त्या खोलीत बसवावी. आमच्या जिल्ह्यात अशा परिचारिका शोधाव्या लागत नाहीत. नसेल जमत तर रुग्णासोबत दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला आत सोडावे. पाट्यांसाठी निवेदने घेऊन जाणाऱ्या आमच्या समितीच्या मंडळींनी पुढच्या निवेदनात ही एक ओळ घालावी, अशी विनंती.

तोवर घरच्यांना एक करता येईल. तपासणीला जाण्याआधी एका कागदावर लिहून न्यावे. आजार पहिल्यांदा कोणत्या साली जाणवला, तेव्हा मुलगा काय करत होता, आता स्वतःहून काय करतो आणि कुणी सांगितल्यावर वा हाताला धरल्यावर काय करतो, कामावर शेवटचा कधी गेला. खाली जुन्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, अगदी पहिलीसुद्धा. तोच मजकूर गावातल्या कानडी येणाऱ्या पोराकडून कानडीत उतरवून मागे जोडावा. लेकराचे उणे तोंडाने सांगवत नाही, ते कागद सांगेल.

दाखला चुकला म्हणून सगळे संपले असेही नाही. २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे दाखल्यावर राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

त्या माउलीचे अपील आमच्या एका सहकाऱ्याने मराठीत लिहिले. तिच्या शेजारच्या घरात कानडी शाळेत शिकलेली सून आहे, तिने त्याचे कानडी केले. दोन्ही एकत्र टाचून आम्ही कचेरीत गेलो. कारकुनाने मराठी पान उलटून पाहिले, कानडी पान वाचले, काही न बोलता दोन्हींवर शिक्का मारला आणि पोच दिली. खासगी दवाखान्याची सर्वांत जुनी चिठ्ठी माउलीच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली सापडली. तिच्यावरची तारीख दहा वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे आजार त्याच्याही आधीचा. तिने ती एका प्लास्टिकच्या पाकिटात घातली आहे.

आता फेरतपासणीची तारीख मिळाली आहे. शेजारची सून सोबत जाणार आहे. पण तिला आत सोडतील की नाही याची माउलीला खात्री नाही, म्हणून तिने सुनेकडून दोन शब्द पाठ करून घेतले. परत जाताना आमच्या जिन्यावर थांबून तिने ते आम्हांला म्हणून दाखवले आणि बरोबर आहेत ना असे विचारले. “हन्नोंदु वर्षदिंद.” अकरा वर्षांपासून. मुलगा दोन पायऱ्या खाली उभा होता. त्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि मराठीत म्हणाला, “आई, गाडी चुकंल.”